टेक्सासची जुनी काउंटी कोर्टहाउस: फोटो काढायला कोठे उभे राहावे

डॅलसजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. टेक्सासमधील जुनी काउंटी कोर्टहाउस पाहायची तर सुरुवात कोठून करावी, आत जाऊ देतात का, आणि जवळ एकच झूम लेन्स असताना उंच मनोऱ्याचा फोटो मागे कललेला न दिसता कसा काढावा. इमारतींचे छायाचित्रण हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे आणि या इमारतींकडे मी पुन्हा पुन्हा जात आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून क्रम तोच ठेवतो.

टेक्सासमध्ये 254 काउंटी, म्हणजे राज्याचे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात एवढ्या नाहीत. त्यांपैकी दोनशेहून अधिक काउंट्यांत ऐतिहासिक म्हणावी अशी कोर्टहाउस आजही उभी आहेत. हा आकडा ऐकला की यादी करून एकेका नावावर खूण करत सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी थांबवायची, समोरून एक फोटो काढायचा आणि पुढच्या गावी निघायचे, अशा पद्धतीने जमवलेले संग्रह मी पाहिले आहेत आणि त्यांत शंभरावा फोटो पहिल्यासारखाच दिसतो. त्यापेक्षा एका वास्तुकाराचा माग धरावा. तोच माणूस तोच प्रश्न निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या दगडांत आणि निरनिराळ्या अंदाजपत्रकांत कसा सोडवतो, हे पाहू लागल्यावर नजर आपोआप तयार होते. सुरुवातीसाठी मी जेम्स रायली गॉर्डनचे नाव सुचवीन.

त्याआधी या इमारतीत काय चालते, हे समजून घेतले पाहिजे, कारण नावामुळे फसगत होते. कोर्टहाउस म्हणजे केवळ न्यायालय नव्हे. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळालाच टेक्सासमध्ये ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून रस्ते, कर आणि अंदाजपत्रक यांचे निर्णय तेथे घेतात. काउंटी क्लार्ककडे जमिनींचे दस्त, विवाहाचे परवाने, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, आणि वरच्या मजल्यावर जिल्हा न्यायालयाचे मोठे दालन असते. आपल्याकडची तहसील कचेरी, दुय्यम निबंधकांचे कार्यालय आणि न्यायालय एका छपराखाली आणावे, असा हा प्रकार आहे. म्हणून खालचा मजला लोकांच्या वर्दळीचा, दस्तऐवजांच्या खोल्या जाड भिंतींच्या आणि वरचे दालन दोन मजल्यांइतके उंच, ही रचना जवळजवळ सगळीकडे दिसते. बाहेरून पाहतानाही उंच कमानदार खिडक्यांची ओळ कोठे आहे ते हेरले, तर न्यायदान कोठे चालते ते आत न जाताच सांगता येते.

एवढ्या लहान गावांत एवढ्या भव्य इमारती आल्या कशा, याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. 1881 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने काउंट्यांना कर्जरोखे काढून कोर्टहाउस बांधण्याची मुभा दिली. त्याच सुमारास रेल्वे पोहोचू लागली आणि दूरच्या खाणींतला दगड आणणे शक्य झाले. बर्नेट काउंटीचा गुलाबी ग्रॅनाइट, ज्याने 1888 मध्ये ऑस्टिनचे राज्य विधानभवन पूर्ण झाले, आणि पेकोस नदीकडचा लाल वालुकाश्म हे दोन दगड आपल्याला या प्रवासात वारंवार भेटतील. शिवाय काउंटीचे ठाणे, म्हणजे मुख्यालय, आपल्याच गावात राहावे यासाठी गावागावांत चुरस होती, आणि दगडी कोर्टहाउस एकदा उभे राहिले की ठाणे हलवण्याची भाषा करणे अवघड जात असे.

1880 च्या दशकातील बऱ्याच इमारती फ्रेंच धर्तीच्या उतरत्या, चौकटीदार छपरांच्या आहेत. सॅन अँटोनियोचा, मूळचा इंग्लंडचा, वास्तुकार आल्फ्रेड जाइल्स आणि वेकोचा डब्ल्यू. सी. डॉडसन ही त्या पिढीतील मोठी नावे. डॉडसनच्या वेदरफर्ड, ग्रॅनबरी आणि हिल्सबरो येथील इमारती डॅलसहून सहज गाठता येतात. त्यानंतर मात्र वारे बदलले. हेन्री हॉब्सन रिचर्डसनने पिट्सबर्गसाठी आखलेले अ‍ॅलिगेनी काउंटीचे कोर्टहाउस त्याच्या मृत्यूनंतर 1888 मध्ये पूर्ण झाले, आणि जाडजूड खडबडीत दगड, खोल बसवलेल्या अर्धवर्तुळाकार कमानी, आखूड गुबगुबीत खांब ही त्याची रोमनेस्क शैली देशभर पसरली. टेक्सासमध्ये ती सर्वांत समर्थपणे हाताळली ती गॉर्डनने.

गॉर्डनचा जन्म 1863 चा, व्हर्जिनियातला, पण तो वाढला सॅन अँटोनियोत. 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील टेक्सासची इमारत त्याची, फीनिक्सचे अ‍ॅरिझोना कॅपिटल, म्हणजे विधानभवन, तेही त्याचेच. 1902 मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला. त्याआधीच्या जेमतेम बारा-तेरा वर्षांत त्याने टेक्सासमध्ये जी कोर्टहाउस आखली, त्यांपैकी सुमारे डझनभर अजून उभी आहेत. त्याचा खरा पराक्रम दर्शनी सजावटीत नसून आराखड्यात आहे. टेक्सासचा उन्हाळा आणि विजेचे पंखेही नसलेला काळ लक्षात घेतला म्हणजे तो आराखडा समजतो. 1891 च्या ला ग्रेंज येथील फेयेट काउंटीच्या इमारतीत त्याने मधोमध उघडा चौक ठेवला, आपल्या वाड्यांत असतो तसा, आणि भोवती कार्यालये बसवली. पुढे या चौकाची जागा मध्यवर्ती जिन्याने घेतली. इमारत अधिक चिन्हाच्या आकाराची, मध्यभागी वर चढत जाणारा जिना, त्या जिन्यावरच उभा केलेला मनोरा, आणि अधिक चिन्हाच्या चार काखांत चार ओसऱ्या. या ओसऱ्यांच्या सावलीतून आत येणारी हवा जिन्याच्या पोकळीत शिरते, तापून वर चढते आणि मनोऱ्याच्या झरोक्यांतून बाहेर पडते. म्हणजे ज्याला आपण शोभेचा मनोरा समजतो तो मुळात हवा खेचणारे धुरांडे आहे. 1894-95 मधील सल्फर स्प्रिंग्जच्या हॉपकिन्स काउंटीच्या इमारतीत हा आराखडा पक्का झालेला दिसतो. डिकेटरचे वाइज काउंटीचे आणि वॉक्साहॅचीचे एलिस काउंटीचे कोर्टहाउस ही त्याची सर्वांत श्रीमंत रूपे. गोन्झालेस आणि गिडिंग्ज येथे तोच विचार लाल विटांत, कमी खर्चात उतरला आहे, आणि खरे सांगायचे तर आराखडा शिकण्यासाठी मला या विटांच्या इमारतीच अधिक उपयोगी वाटतात, कारण तेथे कोरीवकाम लक्ष विचलित करीत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. गॉर्डनने दारे भिंतीच्या मध्यावर ठेवलेली नाहीत, कोपऱ्यांत ठेवली आहेत. आणि टेक्सासमधील गावांच्या ज्या चौकांना टेनेसीतील शेल्बीव्हिल गावाच्या नावाने ओळखतात, त्यांत कोर्टहाउसचा चौरस मधोमध असतो, रस्ते त्याच्या चारही बाजूंना लागून जातात आणि गावातून येणारा माणूस चौकात कोपऱ्यातूनच शिरतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की लक्षात येते की ही इमारत तिरकस पाहण्यासाठीच आखलेली आहे. नेमके समोर उभे राहून काढलेल्या फोटोत एक सपाट बाहू पुढे येतो आणि ओसऱ्या दोन्ही बाजूंना लपतात. कोपऱ्यात उभे राहिले की दोन बाहू, त्यांच्यामधली वळणदार ओसरी आणि तिच्या बरोबर वर मनोरा, अशी सगळी चढण एका नजरेत येते. याउलट ज्या चौकांत रस्ता चौकाच्या बाजूच्या मध्यावर येऊन मिळतो, तेथे दूरवरून समोरासमोर दिसणारा देखावाच मूळ हेतूचा असतो. म्हणून चौकात पोहोचल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. आधी चारही बाजूंनी एक फेरी मारावी, दारे कोठे आहेत ते पाहावे आणि रस्ते कोठून येतात ते पाहावे.

मनोरा मागे कललेला दिसतो तो कॅमेरा वर उचलल्यामुळे. सेन्सर जमिनीला काटकोनात राहिला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. व्यावसायिक लोक यासाठी शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, वापरतात, पण तिच्याशिवाय काही अडत नाही. कॅमेरा उभा धरावा, पडद्यावरील पातळी दाखवणारी रेषा चालू करावी, झूम सर्वांत रुंद टोकाला न्यावी आणि कॅमेरा अजिबात वर न उचलता मनोऱ्याचे टोक चौकटीत येईपर्यंत मागे सरकत जावे. खालचा निम्मा भाग रस्ता आणि हिरवळ यांनी भरेल, तो नंतर कापून टाकावा. आजच्या कॅमेऱ्यांतून एवढे कापूनही भिंतीवर लावण्याइतका फोटो उरतो. चौकात तेवढे मागे जाता येत नसेल तर येणाऱ्या रस्त्यावर दोन-तीन गल्ल्या मागे जाऊन झूमच्या लांब टोकाने, म्हणजे दूरचे जवळ आणून, काढावा. त्यात वाहतुकीचे दिवे, तारा आणि पिकअप ट्रक येतील, ते येऊ द्यावेत. रिकाम्या केलेल्या चौकाचे फोटो मला बांधकाम कंपनीच्या जाहिरातीसारखे वाटतात. संगणकावर रेषा सरळ करायच्या असतील तर चारही बाजूंना भरपूर जागा सोडून फोटो काढावा, आणि दुरुस्ती शंभर टक्के करू नये. उंच मनोरा पूर्ण सरळ केला की डोळ्याला तो वरच्या बाजूला रुंदावल्यासारखा वाटतो. किंचित निमुळतेपणा राहिला तर चित्र नैसर्गिक दिसते.

प्रकाशाबद्दल एकच सल्ला द्यायचा तर तो हिवाळ्याचा. वॉक्साहॅचीला जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 81 अंशांवर असतो. तेव्हा छज्जांच्या काळ्या सावल्या भिंतभर उतरतात आणि कमानींची खोली नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही 34 अंशांपलीकडे चढत नाही, त्यामुळे दक्षिणेकडचा फोटो दिवसभर निघू शकतो आणि पिकॅनच्या झाडांची पाने गळालेली असल्याने भिंतीही दिसतात. लाइव्ह ओकची मात्र पाने हिवाळ्यातही टिकतात, तेथे कोपरा बदलण्यावाचून इलाज नाही. उत्तरेकडची भिंत हिवाळ्यात कायम सावलीत असते. तिच्यासाठी उन्हाळ्यातच जावे लागते, साधारण सकाळी दहापर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तेव्हा ऊन भिंतीला घासून जाते आणि दगडाचा प्रत्येक टाका उठून दिसतो. पांढऱ्या चुनखडीच्या इमारतींना उन्हात थोडा कमी प्रकाश द्यावा, नाहीतर पोत जळून जातो. डिसेंबरात बऱ्याच चौकांत कोर्टहाउसवर नाताळची रोषणाई असते. ती कुटुंबासह पाहायला सुंदर असते, पण दिव्यांच्या माळा नेमक्या छज्जांच्या आणि कमानींच्या रेषांवर बांधलेल्या असल्यामुळे वास्तूच्या फोटोसाठी मी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी पसंत करतो.

पहिली भेट वॉक्साहॅचीला द्यावी. डॅलसहून दक्षिणेला ते साधारण 50 किलोमीटरवर आहे. खालचा भाग ग्रॅनाइटचा आणि वर लाल वालुकाश्माचे पट्टे, ही विभागणी केवळ रंगासाठी नाही. जमिनीतून चढणारी ओल ग्रॅनाइट सहन करतो, वालुकाश्म करीत नाही, तो पापुद्रे सोडू लागतो. नंतर ओसरीच्या खांबांपाशी जाऊन स्तंभशीर्षे पाहावीत. पानांच्या नक्षीतून माणसांचे चेहरे बाहेर आलेले आहेत, काही प्रसन्न, काही दात विचकणारे, काही चक्क भेसूर. गावात याची गोष्ट सांगतात: परगावाहून आलेला पाथरवट ज्या घरी उतरला तेथील मुलीच्या प्रेमात पडला, त्याने तिचा चेहरा कोरला, आणि तिने झिडकारल्यावर तोच चेहरा खांबागणिक विद्रूप करत नेला. अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. असे विचित्र चेहरे कोरणे ही रोमनेस्क परंपरेतली जुनी रीत आहे, आणि एवढे काम एका हाताचे नसते. पण न्यायाच्या इमारतीवर पाथरवटाने सूड उगवला ही कल्पना लोकांना सगळीकडेच आवडते, असे दिसते. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीवर एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेले माकड आणि वकिलाच्या पट्ट्यांतला कोल्हा कोरलेला आहे, आणि त्याचीही, खटला हरलेल्या पारशी उपकंत्राटदाराची, अशीच गोष्ट सांगितली जाते. पश्चिम टेक्सासातील मार्फाच्या 1886 च्या कोर्टहाउसवरील न्यायदेवतेच्या हातात तराजू नाही, तर तो एका काउबॉयने गोळी घालून उडवला असे तेथे ऐकायला मिळते. हे चेहरे टिपण्यासाठी समोरून प्रकाश नको. ढगाळ दिवस असेल तर चेहऱ्याला जरा बाजूने पाहावे, आणि ऊन असेल तर ते गालावरून ओघळत असेल अशी वेळ पकडावी. लांब टोकाने, चेहऱ्याच्या शक्य तितक्या समपातळीवरून, म्हणजे रस्त्यापलीकडच्या पदपथावरून काढला तर नाक वर आलेले दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण रविवारी नाही. बाहेरचे फोटो रविवारी सकाळी उत्तम निघतात, कारण गाड्या कमी असतात. आत जायचे तर कामाच्या दिवशीच गेले पाहिजे, आणि माझ्या अनुभवाने शुक्रवारची दुपार सर्वांत निवांत असते. दारात तपासणीचे यंत्र असू शकते, म्हणून चाकू किंवा अवजारे गाडीतच ठेवावीत. ट्रायपॉडही आधी विचारल्याशिवाय नेऊ नये. दारावरच्या डेप्युटीला, म्हणजे काउंटीच्या पोलिसाला, आपणहून सांगावे की मी इमारतीचे फोटो काढायला आलो आहे, कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही. सार्वजनिक पदपथावरून इमारतीचा फोटो काढायला अमेरिकेत परवानगी लागत नाही, मात्र आतले नियम प्रत्येक न्यायाधीश आणि प्रत्येक काउंटी ठरवते. न्यायालयाचे दालन पाहायचे असेल तर डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या खिडकीवर विचारावे. कामकाज चालू नसेल तर बहुतेक वेळा बेलिफ स्वतः दार उघडून देतो, आणि बरेचदा इमारतीची दोन गुपितेही सांगतो. कामकाज चालू असताना कॅमेरा पिशवीतच राहिला पाहिजे. पक्षकार, ज्यूरीचे सदस्य, लहान मुले, क्लार्कच्या टेबलावरील कागद यांपैकी काहीही चौकटीत येऊ देऊ नये. ज्यांच्या आयुष्यातला वाईट दिवस चालू आहे अशी माणसे त्या बाकांवर बसलेली असतात. आपल्यासारख्या परक्या चेहऱ्याच्या माणसाला सरकारी इमारतीभोवती घुटमळताना पाहून कोणी दोन प्रश्न जास्त विचारले, तर कायदा सांगण्यापेक्षा आधी काढलेले फोटो दाखवावेत. मनोऱ्याच्या कौतुकाने संभाषण कसे बदलते ते मी अनेकदा पाहिले आहे.

आत गेल्यावर प्रथम जिना. गॉर्डनच्या जिन्याच्या पोकळीचा फोटो ट्रायपॉडशिवायही निघतो. जेथे परवानगी असेल तेथे तळमजल्यावर पोकळीच्या बरोबर मध्यावर कॅमेरा पाठीवर झोपवून ठेवावा, लेन्स वर, झूम रुंद, टायमर दहा सेकंदांचा, आणि आपण बाजूला व्हावे. ओतीव लोखंडाचे कठडे एकात एक चौकोन करीत वर जाताना दिसतात आणि शेवटी प्रकाशाचा तुकडा. कॅमेरा हलतच नसल्याने अर्धा सेकंद शटर उघडे राहिले तरी चालते. दालनात खिडक्यांचा निळसर आणि दिव्यांचा पिवळसर प्रकाश मिसळतो, तेथे शक्य असल्यास दिवे बंद करण्याची विनंती करावी. ती मान्य झाली की ठसा उमटवलेल्या पत्र्याचे छत अचानक खोल दिसू लागते. बाहेरच्या न्यायदेवताही पुष्कळदा दगडाच्या नसून ठोकून केलेल्या पत्र्याच्याच असतात, हे लांब लेन्सने पाहिले की सांधे दिसून कळते.

दालनाच्या मागच्या बाजूचा सज्जा मात्र केवळ शोभा म्हणून पाहू नये. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय नागरिकांना अनेक ठिकाणी तेथेच बसावे लागे. बाहेरच्या हिरवळीवरील कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैनिकाचा, पुतळाही बहुधा त्या युद्धाच्या काळातला नसतो, तो कित्येक दशकांनंतर उभारलेला असतो. त्याच्या चौथऱ्यावरील वर्ष फोटोत यावे, कारण तेच त्याचा हेतू सांगते. गॉर्डनचा माग वेकोला पोहोचतो तेव्हा हे टाळता येत नाही. तेथील 1901 च्या कोर्टहाउसमध्ये त्याने रोमनेस्क सोडून घुमट आणि अभिजात खांब स्वीकारले, शिकागो प्रदर्शनानंतर देशाची आवडच तिकडे वळली होती. त्याच कोर्टहाउसमधील न्यायालयातून 15 मे 1916 रोजी जमावाने जेसी वॉशिंग्टन या 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ओढून नेले आणि नगरभवनासमोर हजारो लोकांच्या देखत जाळून मारले. गावातील व्यावसायिक छायाचित्रकाराने त्याचे फोटो काढले आणि ते पोस्टकार्ड म्हणून विकले गेले. त्या घुमटाचा फोटो अवश्य काढावा, परंतु त्याखाली केवळ शैलीचे नाव लिहून थांबणे मला योग्य वाटत नाही.

आज या इमारती एवढ्या नीटनेटक्या दिसतात त्याचे श्रेयही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वातानुकूलन आले आणि हवेच्या पोकळ्या निरुपयोगी ठरल्या. जिन्याच्या जागी लिफ्ट आणि स्वच्छतागृहे आली, उंच दालनांत मधेच मजला घालून खोल्या केल्या गेल्या, ला ग्रेंजचा उघडा चौकही बुजवला गेला. हिल्सबरोचे डॉडसनने आखलेले कोर्टहाउस 1 जानेवारी 1993 च्या आगीत होरपळले आणि नंतर पुन्हा उभे केले गेले. 1998 मध्ये राष्ट्रीय वारसा न्यासाने टेक्सासच्या कोर्टहाउसना देशातील सर्वाधिक धोक्यातील स्थळांत गणले, आणि 1999 मध्ये राज्याच्या ऐतिहासिक आयोगाने जीर्णोद्धाराचा अनुदान कार्यक्रम सुरू केला. सत्तरहून अधिक इमारती त्यातून पूर्णपणे मूळ रूपात आल्या आहेत. ला ग्रेंजचा चौक आणि तेथील कारंजे आज पुन्हा पाहता येते. जीर्णोद्धार न झालेले एखादे कोर्टहाउसही मुद्दाम पाहावे. खाली उतरवलेल्या छताची एखादी फरशी सरकलेली असते आणि तिच्या फटीतून जुन्या छताची नक्षी दिसते, ते दृश्य टिपण्यासारखे असते.

घरून निघण्यापूर्वी थोडा अभ्यास केला तर जागेवरचा वेळ वाचतो. सॅनबोर्न कंपनीचे अग्निविम्याचे जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर खुले ठेवले आहेत. त्यांत दगडी इमारत निळ्या, विटांची गुलाबी आणि लाकडी पिवळ्या रंगात दाखवलेली असते, त्यामुळे चौकाभोवती मूळचे काय उरले आहे ते बसल्या जागी कळते. 1974 ते 1976 या काळात सीग्राम या मद्य कंपनीच्या आश्रयाने 24 छायाचित्रकारांनी देशभरातील हजाराहून अधिक कोर्टहाउस टिपली होती. तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. जीर्णोद्धारापूर्वीची स्थिती त्यात दिसते, आणि कृष्णधवल फोटोंत दगडाचा पोत कसा पकडावा याचा तो उत्तम पाठ आहे. गॉर्डनची मूळ रेखाचित्रे ऑस्टिनच्या विद्यापीठातील वास्तुकलेच्या अभिलेखागारात जपलेली आहेत.

आपण डॅलसला असल्यामुळे वॉक्साहॅचीनंतर डिकेटर घ्यावे, म्हणजे जवळजवळ जुळ्या इमारतींत काय बदलले ते दिसेल. नंतर पूर्वेला सल्फर स्प्रिंग्ज. तेथील कोर्टहाउस चौकाच्या मध्यात नसून कोपऱ्याला आहे, त्यामुळे मागे सरकायला हवी तेवढी जागा मिळते, आणि चौकात आतून बाहेरचे दिसणारी पण बाहेरून आरशासारखी भासणारी काचेची स्वच्छतागृहे आहेत, मुले बरोबर असतील तर ती कोर्टहाउसपेक्षा जास्त लक्षात राहतील. दक्षिणेची फेरी लांब सुट्टीत करावी: सॅन अँटोनियो, न्यू ब्राउनफेल्स, गोन्झालेस, ला ग्रेंज, गिडिंग्ज, येथील कोर्टहाउस सगळी गॉर्डनचीच. वाटेत लॉकहार्टचे 1894 चे कोर्टहाउस चुकवू नये. ते गाव मांसाच्या बार्बेक्यूसाठी राज्यभर प्रसिद्ध असल्याने शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा आणि भूक ला ग्रेंजकडच्या चेक बेकऱ्यांतील कोलाचेसाठी, म्हणजे फळे भरलेल्या गोड पावासाठी, राखावी.

ड्रोनचा विचार असेल तर चौकाजवळ काउंटीचा तुरुंग कोठे आहे ते आधी पाहावे. तुरुंगावरून कमी उंचीवर ड्रोन उडवायला टेक्सासच्या कायद्याने मनाई आहे आणि तुरुंग बहुधा शेजारीच असतो. आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी कोनशिलेचा फोटो घ्यावा. ती बरेचदा ईशान्य कोपऱ्यात सापडते. घरी येऊन शेकडो फाइली समोर असताना कोणती मालिका कोणत्या गावाची, हे तोच फोटो सांगतो, शिवाय वास्तुकार, कंत्राटदार आणि कमिशनर यांची नावे त्यावर असतात. तिच्यावर 5895 सारखे वर्ष दिसले तर गोंधळू नये. कोनशिला बसवण्याचा विधी बहुधा फ्रीमेसन या बंधुसंघाची मंडळी करीत आणि त्यांच्या गणनेत इसवी सनात 4000 मिळवलेले असतात, म्हणून ते वर्ष 1895 समजून फाइलीला नाव द्यावे.